नाकाबंदी न म्हणता केलेली नाकाबंदी: नेपाळ, भारत, चीन आणि एकच रस्ता

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना येणारे 'म्हणजे, म्हणजे' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. मजकूर साधारण असा: आपण नेपाळला एवढं देतो, भूकंपात आपली विमानं त्याच दिवशी पोचतात, त्यांना इथे यायला व्हिसा लागत नाही, तरी ते सारखे चीनकडे का पळतात?

प्रश्न प्रामाणिक आहे. त्यात थोडा टोमणाही आहे, पण असू दे. आज पूर्ण एपिसोड या एकाच प्रश्नावर. मोठा देश आपल्या छोट्या शेजाऱ्याकडून हवं ते कसं करून घेतो, हे समजून घ्यायचं असेल तर अमेरिका आणि क्युबा, रशिया आणि युक्रेन ही उदाहरणं आपल्याला सोपी वाटतात. कारण तिथे आपण प्रेक्षक असतो. नेपाळच्या गोष्टीत मोठा देश आपण आहोत. म्हणून ती ऐकायला थोडी अवघड जाते, आणि म्हणूनच ती घ्यायची.

आधी नकाशा उघडा. फोनवरच उघडा, पटकन. नेपाळच्या तीन बाजूंना भारत आहे आणि चौथ्या बाजूला हिमालय, त्याच्या पलीकडे तिबेट, म्हणजे चीन. समुद्र कुठेच नाही. बाहेरून येणारा माल कोलकाता बंदरात उतरतो, तिथून बिहारमधल्या रक्सौलला येतो आणि सीमा ओलांडून वीरगंजला जातो. कोलकाता ते रक्सौल अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास. चीनच्या बाजूने समुद्र गाठायचा तर तीन हजार किलोमीटरहून जास्त, आणि मध्ये दरडी, बर्फ, तिबेटचं पठार.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे मला हे लगेच 'एकाच व्हेंडरवर चालणारी सिस्टिम' असं दिसतं. पण ते जाऊ दे, त्यापेक्षा साधं उदाहरण आहे. गावात किराण्याचं एकच दुकान आहे असं समजा. दुकानदार चांगला आहे. उधारी देतो, लग्नकार्याला मदत करतो, आजारपणात धावून येतो. पण तुमच्या घरात कोणता निर्णय घ्यायचा यावर त्याचं काहीतरी मत असतं. आणि तुम्ही ते मत ऐकलं नाही, तर एक दिवस तो म्हणतो, "तेल संपलंय हो, वरूनच माल आला नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. "वरूनच माल आला नाही." सगळी गोष्ट याच वाक्यात आहे.

आता २०१५ मध्ये येऊ. त्याच्या एक वर्ष आधी, ऑगस्ट २०१४ मध्ये, नरेंद्र मोदी काठमांडूला गेले होते. भारताच्या पंतप्रधानांची सतरा वर्षांतली ही पहिली द्विपक्षीय भेट. नेपाळच्या संसदेत त्यांनी भाषणाची सुरुवात नेपाळीत केली आणि लोक अक्षरशः भारावले. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास नऊ हजार माणसं गेली. त्याच दिवशी भारताची विमानं मदत घेऊन निघाली. जूनमध्ये भारताने एक अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. शेजाऱ्याच्या मनात जागा करायची तर याहून जास्त काय करणार?

मग सप्टेंबर आला. नेपाळ कित्येक वर्षं नवी राज्यघटना लिहीत होता. भूकंपानंतर मोठ्या पक्षांनी घाईने तडजोड केली आणि घटना पुढे रेटली. दक्षिणेच्या सपाट पट्ट्यातले, म्हणजे तराईतले मधेशी आणि थारू लोक भडकले. त्यांची भाषा, नाती, लग्नं, सगळं सीमेपलीकडच्या बिहार-उत्तर प्रदेशाशी जोडलेलं. त्यांचं म्हणणं होतं की प्रांतांच्या सीमा अशा आखल्यात की आमची संख्या असूनही आमचं चालू नये, आणि नागरिकत्वाच्या नियमांत आमच्या बायकामुलांवर अन्याय आहे. आंदोलनात चाळीसहून जास्त माणसं मारली गेली, त्यात पोलिसही होते. हे नीट लक्षात घ्या: मधेशींची तक्रार खरी होती. ती दिल्लीत बसून कुणी तयार केलेली नव्हती.

भारताला ही घटना आहे तशी नको होती. सीमेवर अशांतता नको हे एक कारण, आणि तराईतल्या लोकांशी असलेलं नातं हे दुसरं. घटना जाहीर व्हायच्या एक-दोन दिवस आधी परराष्ट्र सचिव एस. जयशंकर पंतप्रधानांचे दूत म्हणून काठमांडूला गेले. हो, आज परराष्ट्रमंत्री आहेत तेच. पण तेव्हा उशीर झाला होता. संविधान सभेच्या ५९८ सदस्यांपैकी ५०७ जणांनी बाजूने मत दिलं होतं. २० सप्टेंबरला घटना लागू झाली. जगभरातून अभिनंदन आलं. भारताच्या निवेदनात मात्र "दखल घेतली" एवढंच होतं. स्वागत हा शब्द नव्हता. राजनैतिक भाषेत याला तोंड फिरवणं म्हणतात.

आणि मग ट्रक थांबले.

भारताची अधिकृत भूमिका होती, आणि शेवटपर्यंत राहिली, की आम्ही नाकाबंदी केलेली नाही. नेपाळच्या बाजूला आंदोलन चालू आहे, ड्रायव्हर घाबरतात, म्हणून ट्रक जात नाहीत. यातला काही भाग खरा होता. वीरगंजजवळच्या पुलावर मधेशी आंदोलक खरंच ठाण मांडून बसले होते. पण जिथे आंदोलन नव्हतं त्या नाक्यांवरूनही माल मुंगीच्या चालीने जात होता, आणि इंधनाचे टँकर तर अगदीच कमी. नेपाळमध्ये पेट्रोल, डिझेल आणि गॅस पुरवणारी कंपनी कित्येक दशकं एकच: आपली इंडियन ऑइल. "वरूनच माल आला नाही."

साडेचार महिने हे चाललं. काठमांडूत लोक गॅसच्या रिकाम्या सिलिंडरच्या रांगा लावून बसले. घराघरात चुलीवर स्वयंपाक सुरू झाला, शहरातल्या फ्लॅटमध्येसुद्धा. बसच्या टपावर माणसं. दवाखान्यात औषधांची टंचाई. भूकंपात घरं पडलेली हजारो कुटुंबं डोंगरात पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या आडोशाला होती, आणि हिवाळा येत होता. नोव्हेंबरच्या शेवटी युनिसेफने इशारा दिला की पाच वर्षांखालच्या तीस लाखांहून जास्त मुलांना या हिवाळ्यात आजाराचा किंवा मृत्यूचा धोका आहे, कारण इंधन, अन्न, औषधं, लसी, सगळ्याचीच टंचाई आहे.

मला इथे थांबावंसं वाटतं. कारण परराष्ट्र धोरणावर बोलताना आपण 'दबाव' हा शब्द फार सहज वापरतो. "दबाव टाकला पाहिजे." दबाव नेमका कुणावर पडतो? घटना लिहिणाऱ्या नेत्याच्या घरी सिलिंडर कुठून तरी येतोच. दबाव पडतो तो ताडपत्रीखाली झोपणाऱ्या पोरावर. आणि त्या पोराची आई नेत्यावर चिडेल, नेता वाकेल, असा तो हिशोब असतो.

हा हिशोब एकदा बऱ्यापैकी जुळला होता, म्हणूनच तो परत मांडला गेला असं मला वाटतं. १९८९ ची गोष्ट. नेपाळच्या राजाने, बीरेंद्र यांनी, आदल्या वर्षी चीनकडून शस्त्रं घेतली होती, त्यात विमानविरोधी तोफा होत्या. १९५० च्या भारत-नेपाळ कराराच्या चौकटीत अशा खरेदीआधी आपल्याशी बोलायला हवं होतं, असं भारताचं म्हणणं. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले. राजीव गांधींच्या सरकारने ते आहे तसे वाढवले नाहीत, आणि दोन सोडून बाकीचे नाके बंद झाले. वर्षभर हाल झाले, जळणासाठी जंगलं तुटली. पण तेव्हा नेपाळमध्ये पक्षांवर बंदी होती, राजाच्या पंचायत राजवटीला लोक आधीच कंटाळलेले. राग राजाकडे वळला. १९९० च्या जनआंदोलनात पंचायत गेली, पक्ष परत आले, आणि नव्या सरकारने दिल्लीशी जुळवून घेतलं.

२०१५ मध्ये तेच बटण दाबलं, पण माणसं बदलली होती. समोर राजा नव्हता, लोकांनी निवडलेली सभा होती, आणि तिने प्रचंड बहुमताने काहीतरी मंजूर केलं होतं. शिवाय हातात फोन होते. 'बॅक ऑफ इंडिया' हा हॅशटॅग नेपाळमध्ये वणव्यासारखा पसरला. आणि राग नेत्यांवर न जाता सरळ सीमेकडे आला. ऑक्टोबरमध्ये के. पी. शर्मा ओली पंतप्रधान झाले. भारतविरोधी म्हणून त्यांची आधी काही मोठी ओळख नव्हती, उलट दिल्लीशी त्यांचं बरं होतं. नाकाबंदीने त्यांना 'भारतासमोर न झुकणारा नेता' ही प्रतिमा फुकट दिली. २०१७ च्या निवडणुकीत ते त्याच प्रतिमेवर लढले आणि डाव्या आघाडीला जवळपास दोन तृतीयांश जागा मिळाल्या. ज्या मधेशींसाठी हे सगळं झालं, त्यांना जानेवारी २०१६ ची एक छोटी घटनादुरुस्ती मिळाली आणि त्यांच्या बऱ्याच मागण्या तशाच राहिल्या. वर "तुम्ही भारताचे" हा शिक्का जास्त घट्ट बसला तो वेगळाच.

आता चीन. नाकाबंदी चालू असताना, ऑक्टोबर २०१५ मध्ये, नेपाळने पेट्रोचायनाशी इंधनासाठी सामंजस्य करार केला. चीनने तेरा लाख लिटर इंधन भेट म्हणून दिलं. नेपाळच्या गरजेच्या मानाने ते काहीच नव्हतं, पण त्याचे फोटो सगळीकडे गेले. मार्च २०१६ मध्ये ओली बीजिंगला गेले आणि वाहतुकीचा करार करून आले. पुढे २०१९ मध्ये त्याचे नियम ठरले, चीनची चार बंदरं नेपाळला खुली झाली. कागदावर. प्रत्यक्षात तीन हजार किलोमीटर लांबच्या बंदरातून काठमांडूला तांदूळ आणायला कोण बसलंय? व्यापार आजही मुख्यतः कोलकात्यानेच चालतो.

मग त्या कराराचा उपयोग काय? उपयोग हा की किराणा दुकानदाराला आता माहीत असतं, दुसऱ्या गावात दुसरं दुकान आहे. तुम्ही तिथे जात नाही. पण जाऊ शकता. बोलण्याचा सूर तेवढ्यानेही बदलतो. श्रोत्याच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे: नेपाळ चीनकडे 'पळत' नाही. तो दुसरं दुकान उघडं ठेवतोय.

आणि ते दुसरं दुकानही काही धर्मादाय नाही बरं का. चीनला नेपाळमध्ये हवं काय, तर सगळ्यात आधी तिबेट. १९७४ पर्यंत नेपाळच्या मुस्तांगमध्ये तिबेटी बंडखोर होते, अमेरिकेच्या सीआयएने पोसलेले. चीन ते विसरलेला नाही. नेपाळमधल्या तिबेटी निर्वासितांनी दलाई लामांचा वाढदिवस साजरा करायचा म्हटलं तरी पोलिस आडवे येतात. २०२० मध्ये ओलींच्या कम्युनिस्ट पक्षात भांडण लागलं, तर चीनच्या राजदूत एकेका नेत्याच्या घरी जाऊन समेट घडवत होत्या. डिसेंबरमध्ये ओलींनी संसद बरखास्त केली तेव्हा बीजिंगहून खास शिष्टमंडळ आलं. पक्ष तरी फुटलाच. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारताच्या रॉचे प्रमुख रात्री ओलींना भेटून गेले, त्यावरून काठमांडूत केवढा गदारोळ झाला. दोन्ही शेजारी घरात येऊन जात होते, एवढंच.

नाक्यांचं म्हणाल तर कोविडनंतर उत्तरेचे नाकेही महिनोन्‌महिने नीट चालत नव्हते. चीनची बाजू कधी उघडी, कधी बंद, नेपाळी व्यापाऱ्यांचे कंटेनर तिकडे अडकलेले, दसरा-दिवाळीचा माल सीमेपलीकडे पडून. त्यालाही कुणी अधिकृतपणे नाकाबंदी म्हटलं नाही. आणि जुलै २०२५ मध्ये रसुवागढीचा सीमेवरचा पूल पुरात वाहून गेला. डोंगरातल्या रस्त्याचं असंच असतं.

हल्ली हा खेळ जास्त बारीक झालाय. ट्रक अडवावे लागत नाहीत. पोखराचं आंतरराष्ट्रीय विमानतळ घ्या. चीनच्या एक्झिम बँकेचं वीस कोटी डॉलरहून जास्त कर्ज, चिनी कंपनीचं बांधकाम, १ जानेवारी २०२३ ला सुरू. पण बाहेरच्या देशांतून नियमित विमानं येण्यासाठी दोन वर्षं वाट पाहावी लागली. नेपाळ कधीपासून भारताकडे पश्चिमेकडून येणारा आणखी हवाई मार्ग मागतोय, तो मिळत नाही. भैरहव्याचं त्याहून बोलकं. १६ मे २०२२ ला, बुद्ध जयंतीला, तिथलं नवं विमानतळ सुरू झालं, ठेकेदार चिनी. त्याच दिवशी पंतप्रधान मोदी शेजारीच लुंबिनीला आले. ते कुशीनगरहून हेलिकॉप्टरने आले आणि लुंबिनीतच उतरले. नवी धावपट्टी तशीच राहिली. निवेदन नाही, टीका नाही. ज्याला समजायचं त्याला समजलं.

विजेचंही तसंच. नेपाळच्या नद्यांत अफाट वीज आहे आणि नोव्हेंबर २०२१ पासून तो ती भारताच्या बाजारात विकतो. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत दहा हजार मेगावॅट घ्यायचा करार झाला. मोठी गोष्ट आहे ही, कौतुकाची आहे. पण कोणत्या प्रकल्पाची वीज घ्यायची याची परवानगी भारत एकेका प्रकल्पागणिक देतो, आणि ज्यात चिनी गुंतवणूक किंवा चिनी ठेकेदार आहे त्याला परवानगी मिळत नाही. परिणाम असा की नेपाळमधला विकासक चिनी ठेकेदार घ्यायच्या आधी दोनदा विचार करतो. दिल्लीहून कुणाला फोन करावा लागत नाही. खरं सांगायचं तर हा दाब २०१५ च्या नाकाबंदीपेक्षा कितीतरी जास्त चालतो. कारण तो दिसत नाही, कुणाची चूल विझत नाही, आणि नेपाळला त्यातून पैसाही मिळतो. मला तो पूर्ण न्याय्य वाटतो असं नाही. पण ताडपत्रीखालच्या पोराला वेठीला धरण्यापेक्षा तो नक्की बरा.

एक गोष्ट मात्र आपण, म्हणजे आपल्या फोनवरची मंडळी, वाईट करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ सरकारने २६ सोशल मीडिया प्लॅटफॉर्म बंद केले, तुमच्या-माझ्या वयाची पोरं रस्त्यावर आली, पहिल्याच दिवशी गोळीबारात १९ जण गेले, दुसऱ्या दिवशी ओलींनी राजीनामा दिला. आपल्या व्हॉट्सअॅपवर संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता: अमेरिकेचा हात. कुणी म्हणे चीनचा. तिकडे काहीजण म्हणत होते भारताचा. बेरोजगारी, नेत्यांच्या मुलांची ऐट, भ्रष्टाचार, दररोज आखातात कामाला जाणारी रांग, हे कारण म्हणून कुणाला पुरेसं वाटेना. छोट्या देशातली माणसं स्वतःच्या डोक्याने चिडू शकतात, हेच आपल्याला पटत नाही. मधेशींना 'भारताचे' म्हणणारे काठमांडूतले लोक नेमकी हीच चूक करत होते.

आणि हे लोक आपल्यापासून लांब नाहीत. रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागांत राखणीला कोण असतं? पुण्या-मुंबईच्या सोसायटीच्या गेटवर? १९५० च्या कराराने त्यांना इथे राहायचा, काम करायचा हक्क दिलाय, तसाच आपल्याला तिथे. नेपाळमध्ये तोच करार असमान म्हणून टोचतो, कारण त्यांच्या बाजूने तो सही करणारे राणा घराण्याचे पंतप्रधान होते आणि भारताच्या बाजूने नुसते राजदूत. दोन्ही देशांच्या जाणकारांच्या गटाने या करारासकट सगळ्या संबंधांवर २०१८ मध्ये अहवाल तयार केला. तो वर्षानुवर्षं स्वीकारलाच गेला नाही.

जाता जाता नाकाबंदीचा एक परिणाम, जो मला सगळ्यात रंजक वाटतो. सप्टेंबर २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. म्हणजे इंधनाच्या बाबतीत नेपाळ भारताशी आणखी घट्ट जोडला गेला, आणि तिथे कुणी फारशी तक्रार केली नाही, कारण इंधन स्वस्तात आणि वेळेवर येतं. पण दुसरीकडे घराघरात विजेच्या शेगड्या आल्या आणि रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या. आज नेपाळमध्ये आयात होणाऱ्या खासगी मोटारींत निम्म्याहून बऱ्याच जास्त इलेक्ट्रिक असतात. स्वतःच्या नदीची वीज, पेट्रोलच्या टँकरची वाट बघायची गरज कमी. गाड्या बहुतेक चिनी. आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की चार्जिंगसाठी वीज परत भारतातून घ्यावी लागते.

आजच्यापुरतं एवढंच. श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराबद्दल तीन-चार जणांनी विचारलंय, पुढच्या एपिसोडमध्ये ते घेतो. तोवर प्रश्न पाठवत राहा, टोमण्यासकट चालतील.